लेक आमच्याहून अधिक धार्मिक झाली, ती हातची गेली का?

(पत्रलेखिकेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि मजकूर संक्षिप्त केला आहे.)

पत्रलेखिका एक्कावन्न वर्षांच्या असून मूळच्या खेड तालुक्यातील कोकणी मुस्लिम कुटुंबातल्या आहेत. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकल्या आणि १९९६ मध्ये लग्न होऊन उत्तर इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या एका जुन्या शहरात गेल्या. सासरे आधी बोटीवर खलाशी होते. १९६० च्या दशकात ते त्या शहरात गिरणीच्या रात्रपाळीला लागले आणि तिथेच वारले. घरात पती, सासूबाई, चोवीस वर्षांची मुलगी आणि वीस वर्षांचा मुलगा आहे. मुलगी औषधनिर्माणशास्त्र शिकून आता एका औषधाच्या दुकानात नोकरी करते. विद्यापीठात असताना तिने हिजाब घ्यायला सुरुवात केली. त्यानंतर तिने चुलतबहिणीच्या लग्नात हळद आणि नाचगाण्याला यायचे नाकारले, फातेहाच्या, म्हणजे मृतांसाठी केलेल्या पठणाच्या, जेवणाला ‘बिदअत’ (धर्मात मागाहून घुसवलेली चाल) म्हटले आणि एकदा फजरच्या (पहाटेच्या) नमाजात दुवा-ए-कुनूत ही प्रार्थना पढणाऱ्या दादीला ‘हे चूक आहे’ असे सुनावले. आता तिला विद्यापीठातल्या ओळखीच्या एका सोमाली कुटुंबातील तरुणाशी निकाह करायचा आहे. ‘मुलगा दीनदार आहे, इस्लाममध्ये जातपात नाही, मग नकार कशासाठी?’ असे ती विचारते. पतीचा ठाम नकार आहे, आणि रागाच्या भरात ते ‘हिला गावी नेऊन जमातीतल्या मुलाशी लग्न लावून टाकू’ असेही म्हणतात. मुलगा नमाज पढत नाही, रमजानमध्ये दुपारी बाहेर खातो. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. मुलगी कट्टर होते आहे का, तिला गावी न्यावे का, आणि पुढच्या महिन्यात सासऱ्यांची वर्षाची फातेहा आहे ती करावी की नाही, असे पत्रलेखिकेचे तीन प्रश्न आहेत.

ताई,

तुमच्या पत्रात ‘लेक हातची गेली’ हे शब्द तीनदा आले आहेत. मला मात्र पत्रातली दुसरीच गोष्ट आधी दिसली. इंग्लंडात जन्मलेली, स्वतः कमावणारी चोवीस वर्षांची मुलगी तिला पसंत असलेल्या तरुणाचे नाव आधी आईला सांगते, मग वडिलांसमोर बसून त्यांची परवानगी मागते आणि त्यांनी नकार दिल्यावर पाच महिने त्याच घरात राहून त्यांचे मन वळण्याची वाट पाहते. हातच्या गेलेल्या मुली असे वागत नाहीत. ती असे का वागते याचे एक उत्तर तिच्या धर्मातच आहे. तुमच्या शाफई मतानुसार, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या ज्या पंथाचे (मजहबाचे) तुम्ही आहात त्यानुसार, वलीशिवाय, म्हणजे मुलीच्या पालकाशिवाय, निकाह होत नाही, आणि तिचे वली तिचे वडील आहेत. ज्या धार्मिकतेची तुम्हाला धास्ती वाटते, तिनेच तिला आजवर तुमच्या उंबरठ्याच्या आत ठेवले आहे, ही शक्यता तुम्ही एकदा मनात आणून पाहावी.

बाकीचे बोलण्यापूर्वी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण तिथे दोन बाजू नाहीत. तिला गावी नेऊन लग्न लावण्याचा विचार घरातून पूर्णपणे जाऊ द्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ पासून जबरदस्तीचे लग्न हा फौजदारी गुन्हा आहे; त्यात मारहाण आणि धमकीबरोबरच इतर कोणत्याही प्रकारची जबरदस्ती येते, आणि लग्न भारतात लागले म्हणून आईवडील सुटत नाहीत. न्यायालय आधीच संरक्षणाचा आदेश काढून पासपोर्ट जमा करायला लावू शकते. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पती रागाच्या भरात बोलतात, करणार काही नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे आणि ते खरेही असेल. परंतु तुमच्या मुलीने हे वाक्य ऐकले आहे, आणि उद्या खरोखरच तुमची आई आजारी पडली तरी ती तुमच्याबरोबर विमानात बसायला धजणार नाही, एवढे नुकसान या एका वाक्याने आधीच केले आहे. म्हणून पतींनी निदान हे वाक्य तिच्यासमोर परत घेतले पाहिजे. निकाहला होकार देणे किंवा न देणे ही पुढची बाब आहे. ‘तुला फसवून कुठे नेणार नाही’ हा शब्द आज द्यायचा आहे. मुलीला विचारल्यावाचून तिचा निकाह करू नये, ही हदीस (पैगंबरांचे वचन) तुमच्या जमातीतल्या कोणत्याही मौलानांना ठाऊक असेल. पती कायद्यापेक्षा त्यांचे अधिक ऐकत असतील, तर त्यांच्याकडून ऐकवा.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. मी मुस्लिम नाही, त्यामुळे फातेहा योग्य की अयोग्य, कुनूत पढावी की नाही, हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तसा मी आव आणणार नाही. माझे बालपण दापोली तालुक्यात मोहल्ल्याला लागून असलेल्या आळीत गेले, एवढाच माझा संबंध. तेव्हा मला जे दिसले ते असे, की तिथे धर्म कुणी वेगळा काढून दाखवत नसे. अजान, केळशीच्या याकूबबाबांचा उरूस, लग्नघरात बायकांनी कोकणीत म्हटलेली हळदीची गाणी, पैगंबरांच्या जन्माच्या मौलूदची रात्र, जमातीच्या बैठका, आणि अमक्याच्या मुलीला तमक्याच्या घरी द्यायचे हे आधीच ठरून गेलेले असणे, हे सगळे एकाच गोधडीत शिवलेले होते. त्यातला दीन (धर्म) कोणता, गाव कोणते आणि निव्वळ सवय कोणती, असा प्रश्न विचारण्याची वेळच कुणावर येत नसे, कारण सगळे शेजारी तीच गोधडी पांघरून निजत होते. तुम्ही ही गोधडी तशीच घडी करून इंग्लंडला नेलीत. तुमची मुलगी आता तिची शिवण उसवून पाहते आहे, आणि प्रत्येक टाका उसवताना तुम्हाला वाटते की ती घरच मोडते आहे.

तिला शिवण का उसवावी लागते, हेही पाहायला हवे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपला कोणताही धर्म नाही असे नोंदवले. मुस्लिमांचे प्रमाण साडेसहा टक्के भरले. अशा देशात श्रद्धा ही आपोआप अंगवळणी पडणारी गोष्ट राहत नाही. वर्गात, कामाच्या ठिकाणी, डबा खाताना ‘तू हे का करतेस?’ असे कुणीतरी विचारतेच. ‘आमच्या घरी असेच करतात’ हे उत्तर खेडमध्ये पुरेसे होते. तिथे ते पुरत नाही. आणि उत्तर शोधण्यासाठी तुम्ही तिला काय दिले होते? तुम्हीच लिहिले आहे, की शाळा सुटल्यावर रोज संध्याकाळी दोन तास ती मशिदीतल्या मदरशात जात असे; तिथे कुरआन अरबीत पाठ करून घेत आणि समजावणे उर्दूत चाले. घरात कोकणी, शाळेत इंग्रजी आणि दीन मात्र उर्दूत, म्हणजे जी भाषा ती ना घरी बोलली ना शाळेत, तिच्यातून तिला तिचा धर्म सांगितला गेला. त्याचा अर्थ तिला पहिल्यांदा विद्यापीठात, इंग्रजीत, समवयस्क मैत्रिणींकडून कळला. ज्या गोष्टीचा अर्थ कळतो ती आपली वाटते, आणि नव्याने आपली झालेली गोष्ट माणूस जरा जोरातच मिरवतो. नव्याने मराठी शुद्धलेखन शिकलेली मुले घरातल्या मोठ्यांच्या चुका काढत सुटतात, त्यातलाच हा प्रकार आहे. तो सहन करायला कठीण असतो, हे मान्य.

दादीला सुनावणे मात्र मी खपवून घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नये. तिला एवढेच सांगावे, की तुला जे पटत नाही त्यात तू भाग घेऊ नकोस, परंतु ऐंशीच्या घरातल्या बाईला तिची नमाज चुकीची आहे असे या घरात कुणी म्हणणार नाही. त्यातही एक गंमत आहे, जी तिला माहीत नसावी. फजरच्या नमाजात कुनूत पढणे ही काही सासूबाईंनी गावाहून आणलेली भाबडी चाल नाही. ते शाफई मजहबाचे मान्य मत आहे. तिथल्या बहुतेक मशिदींत पाकिस्तानी आणि गुजराती मंडळी असतात, ती हनफी या दुसऱ्या मजहबाची आहेत, आणि ती फजरला रोज कुनूत पढत नाहीत; तिच्या मैत्रिणींनीही तेच सांगितले असणार. हनफी मतात मासळीखेरीज समुद्रातला इतर जीव चालत नाही आणि कोळंबीवरून त्यांच्यातच वाद आहे. शाफईंना कोळंबीचे कालवण निर्धास्त खाता येते, आणि कोकणच्या किनाऱ्यावर ही केवढी मोठी सोय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे जिला मुलगी ‘गावची रूढी’ समजते, त्यातला काही भाग शतकांच्या अभ्यासातून आलेला ग्रंथातला धर्म आहे, आणि जिला तुम्ही ‘आपला धर्म’ समजता, त्यातला काही भाग खरोखरच गावची रूढी आहे. दोघींनी मिळून हे वेगळे केले तर भांडणाचे निम्मे कारण संपेल असे मला वाटते. कुरआनचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ तिच्याकडून ती शिकलेली इंग्रजीतली गोष्ट ऐका आणि तुम्ही मराठीतून वाचलेली तिला सांगा. तिला शिकवायला जाऊ नका, तिच्याकडून थोडे शिका. मुलगी आईला शिकवू लागली की तिचा आवाज आपोआप खाली येतो.

माहीमच्या दर्ग्याचा तुम्ही पत्रात उल्लेख केला आहे. लग्नानंतर निघण्यापूर्वी तुम्ही तिथे गेला होतात. मुलगी आता ‘दर्गा नको, किताब हवी’ म्हणते. ज्यांचा तो दर्गा आहे ते मखदूम अली माहिमी चौदाव्या-पंधराव्या शतकातले कोकणी, शाफई मताचे फकीह (धर्मकायद्याचे जाणकार), आणि कुरआनवर अरबीत तफसीर (भाष्य) लिहिणारे विद्वान होते. त्यांच्या उरुसाला मुंबई पोलीस आजही मानाची चादर घेऊन जातात. किताब आणि दर्गा ही दोन्ही एकाच माणसाच्या नावाने आहेत. यावरून दर्ग्याला जाणे बरोबर ठरते असे मी म्हणत नाही, ती तिची निवड आहे. परंतु तिच्या कोकणी पणज्या निरक्षर अंधश्रद्धाळू होत्या आणि ज्ञान मात्र लंडनच्या व्याख्यानांतून सुरू झाले, असा तिचा समज असेल, तर तो दुरुस्त करणे हे तुमचे काम आहे, आणि ते ओरडून होणार नाही.

‘कट्टर’ या शब्दाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तो शब्द तुमचा नाही असा मला संशय आहे. २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्ड या तुमच्या बाजूच्याच शहरांत दंगली झाल्या आणि त्यानंतरच्या सरकारी अहवालात गोरे आणि आशियाई लोक ‘समांतर आयुष्ये’ जगतात असे म्हटले गेले. तेव्हापासून त्या देशात मुस्लिमांचे रुळणे मोजायची एक फूटपट्टी तयार झाली आहे, आणि तिच्यावर डोक्यावरचा रुमाल जितका मोठा तितके माणूस कमी रुळलेले असे मोजले जाते. २०१५ पासून तर शाळा आणि सरकारी रुग्णालयांवरही अतिरेकाकडे झुकणाऱ्यांवर लक्ष ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे, त्यामुळे तुमच्यासारख्या आया मुलीचा अबाया (अंगभर झगा) पाहून आधी दचकतात आणि मग विचार करतात. ही भीती खोटी नाही. परंतु ती फूटपट्टी जरा तुमच्या घराला लावून पाहा. तुम्ही एकोणतीस वर्षे तिथे आहात. तुमच्या फोनमध्ये जमातीबाहेरच्या किती जणांचे क्रमांक आहेत? डॉक्टरकडे जाताना आजही मुलीला बरोबर न्यावे लागते, असे तुम्हीच लिहिले आहे. याउलट ती रोज आठ तास दुकानाच्या काउंटरवर उभी राहून गावभरच्या म्हाताऱ्या गोऱ्या बायकांना त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या समजावून सांगते, मतदान करते, कर भरते, वरिष्ठांशी पाळीच्या वेळेवरून भांडते. तुम्हा दोघींपैकी त्या देशात अधिक रुळलेली कोण आहे? रुळणे म्हणजे विरघळणे नव्हे. साखर दुधात विरघळते, तसे व्हावे असे कुणाला वाटत असेल तर वाटो; पण आपल्या चेहऱ्यानिशी चौकात वावरता येणे हेही रुळणेच आहे, आणि ते तुमच्या मुलीला तुमच्यापेक्षा चांगले साधले आहे. यात मी तुम्हाला कमी लेखत नाही. पंचविशीत परक्या देशात जाऊन सासू, दोन मुले आणि रात्रपाळीचा नवरा सांभाळणाऱ्या बाईला जमातीचाच आधार होता, तो नसता तर तुम्ही कोलमडला असतात.

खरी काळजी करावी अशी लक्षणे वेगळी असतात, आणि ती कपड्यांत दिसत नाहीत. मुलगी नोकरी अचानक सोडते आहे का, जुन्या मैत्रिणींशी, विशेषतः मुस्लिम नसलेल्यांशी, संबंध तोडते आहे का, एखाद्याच व्यक्तीच्या किंवा गटाच्या सांगण्यावरून पैसे देते आहे का, इतरांबद्दल तुच्छतेने किंवा हिंसेचे समर्थन करत बोलते का, घरात काहीतरी लपवते आहे का, हे पाहा. तुमच्या पत्रात यातले एकही नाही. उलट ती सगळे इतके उघड बोलते की तोच तुम्हाला त्रास होतो आहे.

आता त्या मुलाबद्दल. तुम्ही लिहिता, ‘मुलगा चांगला आहे म्हणे, इंजिनियर आहे, पण आमच्यातला नाही.’ ‘आमच्यातला’ म्हणजे कोणातला, हे मी तुम्हाला विचारू इच्छिते. तुमच्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी गुजराती मुस्लिम मुलीशी लग्न केले आणि थोड्या कुरबुरीनंतर सगळे जेवायला गेले, असेही तुम्हीच लिहिले आहे. ती मुलगी हनफी. सोमाली लोक मात्र बहुतांश तुमच्यासारखेच शाफई आहेत, आणि हा योगायोग नव्हे. मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांनी येमेन, सोमालियाचा किनारा, झांझिबार, कोकण, भटकळ, मलबार आणि पार इंडोनेशियापर्यंतची बंदरे एकमेकांना जोडली होती, आणि शाफई मत त्याच वाटेने पसरले. तुमच्या घराण्याच्या मुळाची जी कथा मोहल्ल्यात अभिमानाने सांगतात, ती अरब व्यापारी दाभोळ-बाणकोटला उतरल्याचीच असणार. मग त्याच समुद्राच्या पलीकडच्या काठावरचा मुलगा परका का वाटतो? केप टाऊनला गेलेल्या कोकणी पुरुषांपैकी काहींनी तिथल्या मलाय मुस्लिम घरांत लग्ने केली होती. जमात त्याने बुडाली नाही. दीन तोच, मजहब तोच, शिक्षण आहे, नोकरी आहे. हे सगळे वजा केल्यावर जे उरते ते मुलाचा रंग आणि लोक काय म्हणतील ही चिंता आहे, असे मी म्हटले तर तुम्हाला राग येईल. तरी म्हणते. हा दोष मुस्लिमांचा नाही, कोकण्यांचाही नाही. आमच्या आळीतही जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द लिहिल्यावाचून स्थळ मिळत नाही. पण मुलगी तुमच्याशी जे भांडते आहे ते नेमके याच मुद्द्यावर, आणि ती भांडायला कुरआन वापरते आहे, कारण त्या एका गोष्टीपुढे तिचे वडील निरुत्तर होतात हे तिला कळले आहे. तिच्या जागी मी असते तर मीही तेच हत्यार उचलले असते.

याचा अर्थ हा विवाह चांगलाच ठरेल असा नाही. ‘दीनदार आहे’ हे प्रशस्तिपत्र पुरेसे नसते, आणि हे तुम्ही, एकोणतीस वर्षे संसार केलेली बाई, तिला सांगू शकता. हे सांगण्याचा तुमचा अधिकार तोपर्यंतच शाबूत आहे जोपर्यंत तुम्ही रंगाचे आणि जमातीचे कारण पुढे करत नाही. ते कारण एकदा बाजूला ठेवले की खरे प्रश्न विचारता येतात. लग्नानंतर ती नोकरी करणार का आणि त्याबद्दल मुलाचे नेमके मत काय आहे, त्याच्या आईबरोबर राहायचे की वेगळे, त्याच्यावर कर्ज किती आहे, तो आपल्या बहिणींशी कसा बोलतो, रागावल्यावर काय करतो, त्याचे आधी लग्न झाले होते का आणि दुसऱ्या लग्नाबद्दल त्याचे काय म्हणणे आहे, मुले घरात कोणती भाषा बोलतील. यांतल्या एखाद्या उत्तराने तुम्ही अस्वस्थ झालात आणि मग नकार दिलात, तर मुलगी तो नकार ऐकेल. न भेटता दिलेला नकार ती ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

एक बाब मात्र मुलाला भेटण्यापूर्वीच मनाशी पक्की करा, आणि हे अशाच परिस्थितीतल्या इतर आईवडिलांसाठीही लिहिते आहे. इंग्लंडमध्ये नुसता निकाह झाला आणि नोंदणी विवाह झाला नाही, तर कायद्याच्या दृष्टीने ते लग्नच नव्हे. २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने एका प्रकरणात हेच सांगितले: निकाहनंतर अनेक वर्षे संसार आणि मुले झालेल्या स्त्रीलाही, नोंदणी नसल्यामुळे, घटस्फोटातले आर्थिक हक्क मागता येत नाहीत. धार्मिक वृत्तीची तरुण मुले बरेचदा ‘अल्लाहच्या नजरेत लग्न झाले, कागद नंतर पाहू’ म्हणतात आणि तो कागद कधीच होत नाही. होकार द्याल तर नोंदणी त्याच दिवशी किंवा आधी, ही अट घाला. मेहर (निकाहात नवऱ्याने पत्नीला द्यायची रक्कम) किती आणि केव्हा, तेही लेखी हवे. वली म्हणून तुमच्या पतींना जो मान आहे, तो वापरण्याची खरी जागा ही आहे, आणि ही गोष्ट त्यांच्या कानावर घातलीत तर ‘माझे या घरात काही चालत नाही’ हे त्यांचे दुःखही थोडे कमी होईल.

पतींचे ते दुःख मला पत्राच्या ओळींमधून दिसले, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे. तुमचे सासरे चार वर्षे कमावून परत जाईन म्हणून गेले होते. १९६२ च्या ब्रिटिश स्थलांतर कायद्याने तिथली ये-जा अवघड केली, तेव्हा अशा कितीतरी पुरुषांनी परत जाण्याचा बेत पुढे ढकलून बायकामुले बोलावून घेतली. आणि तो बेत पुढे ढकलला गेला तो आजवर. अशा घरात वाढलेल्या मुलाला गाव म्हणजे परत जायचे ठिकाण असते, आणि मुलीचे लग्न गावात होणे हा त्या वाटेवरचा शेवटचा पूल. तो पूल मोडला की आपण कायमचे इथलेच झालो, हे कबूल करावे लागते. ते सोमाली मुलावर रागावले आहेत असे तुम्हाला वाटते. मला वाटते ते या कबुलीवर रागावले आहेत. शिवाय जे गाव त्यांच्या मनात आहे ते आता तिथे नाही. आखाती देशांतल्या पैशाने मोहल्ले बदलले, मशिदी नव्या बांधल्या गेल्या, साडी नेसणाऱ्या आज्या गेल्या आणि त्यांच्या नाती तिथेही हिजाब घालून कॉलेजात जातात. तुमची मुलगी खेडच्या आजच्या मुलींसारखीच आहे; १९९६ च्या मुलींसारखी नाही, इतकेच. हे त्यांना तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या गावच्या बहिणीने फोनवर सांगितले तर अधिक पोहोचेल. इमामांकडे पहिल्याच दिवशी जाऊ नका. तिथे गेले की घरातली गोष्ट निकालाची होते.

मुलाबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्या आणि मुलीबद्दल चार पाने. जो नमाज सोडून बसला आहे त्याला कुणी काही म्हणत नाही, आणि जी पाच वेळा पढते तिच्यामुळे घर जागे आहे. असे का, ते तुम्हाला ठाऊक आहे: जमातीची अब्रू मुलाच्या श्रद्धेवर नाही, मुलीच्या लग्नावर टांगलेली आहे. मुलीलाही हे दिसते, आणि धर्माचा तुमचा आग्रह धर्मासाठी नाही असा निष्कर्ष ती त्यातून काढते. मुलाच्या शंका ही विलायतेची देणगी आहे असे पतींना वाटते, तसे नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले ते त्याच मातीतून. त्यांच्याशी सहमत व्हा असे मी म्हणत नाही, तुमच्या घरात त्यांचे नाव कदाचित रागानेच घेतले जात असेल. शंका घेणारा मुलगा आणि दृढ श्रद्धेची मुलगी ही दोन्ही कोकणी घरांत पूर्वीही होती, एवढेच सांगायचे आहे. मुलाला एकदा जेवताना विचारा, की तुला काय वाटते. नमाजबद्दल विचारू नका, बहिणीच्या लग्नाबद्दल विचारा. तो या घरात राहतो आणि त्याचे मत कुणी घेतलेले नाही.

घरातले बोलणे अगदीच बंद पडले तर बाहेरचा आधार घेण्यात कमीपणा नाही. तरुणांसाठी ‘मुस्लिम यूथ हेल्पलाइन’ आणि स्त्रियांसाठी ‘मुस्लिम विमेन्स नेटवर्क’ या तिथल्या संस्था आहेत. तिथे तुमचा रीतिरिवाज पहिल्यापासून समजावून सांगावा लागत नाही. मुलीला याची माहिती असेलच. तुम्ही स्वतःसाठी ती घ्या, कारण या सगळ्यात तुम्ही कुणाशी बोलता, हे पत्रात कुठेच आलेले नाही.

राहिली सासऱ्यांच्या वर्षाची फातेहा. ती करा. ती सासूबाईंची आहे, त्यांच्या नवऱ्याची आहे, आणि नातीला पटत नाही म्हणून ती रद्द करणे योग्य होणार नाही. मुलीला पठणाला बसण्याचा आग्रह करू नका आणि ते जेवण ताटात वाढू नका. तिच्यासाठी वरणभात बाजूला काढून ठेवा आणि त्यावर कुणीही शेरा मारणार नाही हे आदल्या दिवशी सगळ्यांना बजावा. मृतांच्या नावाने गरजूंना अन्न देणे याला तिचीही हरकत नसावी. तेव्हा त्या दिवशीचा निम्मा शिधा तिच्या हाती देऊन तिच्या पसंतीच्या ठिकाणी पोहोचवायला सांगा. दादाजींच्या रात्रपाळीच्या गोष्टी सासूबाईंना तिच्यासमोर सांगू द्या, बोटीवरच्याही. त्यांची गलबते कोणत्या बंदरांना लागत, ते त्यांना आठवत असेल. आणि तो दिवस पार पडला की त्याच आठवड्यात त्या मुलाच्या आईला फोन करा. तुमचे इंग्रजी तोडके आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्या माउलीचेही तसेच असण्याची बरीच शक्यता आहे. मुलीला शेजारी बसवा, आणि चहाला कधी येता एवढेच विचारा.